पहिलं बक्षीस : एक नाक

जुंबेर ब्रेगवाझेच्या हातून आयुष्यात जे जे बिघडलं, ते सगळं उभं राहून बोलताना बिघडलं. बसलेला जुंबेर म्हणजे जॉर्जिया देशातल्या कुताइसीतला एक अत्यंत विचारी गृहस्थ. छत्तीस वर्षं त्याने शाळेत भूगोल शिकवला, एकोणीस वर्षं तो महिला बुद्धिबळ मंडळाचा चिटणीस होता, आणि एवढ्या काळात त्याने कुणाचं वाकडं केलं नव्हतं. (सरळही केलं नव्हतं, असं त्याची बायको लामारा म्हणायची.) पण हातात पेला देऊन कोणी त्याला उभं केलं, की विचारी जुंबेर खुर्चीतच राहायचा आणि भलताच कोणीतरी उठून बोलायला लागायचा.

त्या रविवारी पुतण्याच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. ऐंशी पानं बसली होती आणि तमादा म्हणून सगळ्यांनी एकमुखाने जुंबेरचं नाव घेतलं होतं. तमादाचं काम दिसायला सोपं. एकामागून एक पेला कुणा ना कुणाच्या नावाने उचलायचा, त्यावर असं बोलायचं की लोकांचे डोळे पाणावले पाहिजेत, आणि मग एखाद्या पाहुण्याकडे हात करून 'अलावेर्दी!' म्हणायचं. म्हणजे आता त्या पाहुण्याने उठून तोच विषय पुढे न्यायचा, आणि तो थांबला की सगळ्यांनी तळ दिसेपर्यंत प्यायचं. देव, देश, दिवंगत मंडळी आणि नुकतंच नाव मिळालेलं बाळ यांची सोय लावून झाल्यावर अकराव्या पेल्याला बायकांची पाळी आली. रिवाजाप्रमाणे सगळे पुरुष उठून उभे राहिले. बायका बसून जेवत होत्या, कारण त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं.

“जगात दुसरीकडे कुठे आहे असं?” जुंबेरने शिंगात भरलेली वाइन उंच धरली. “आमच्या लेकी सासरी निघाल्या की रुखवतात बुद्धिबळाचा पट असतो! माझ्या लामाराने आणला, तिच्या आईने आणला! आणि आज? आज त्याच लेकींच्या मंडळाची खोली नगरपालिका काढून घेतेय! वर्ष संपायच्या आत दहा बायकांची स्पर्धा घ्या, बक्षीस द्या, नाहीतर चावी टेबलावर ठेवा, असं पत्र आलंय. त्या खोलीत बिलियर्डची टेबलं येणार! अरे, ह्या कुताइसीत एकही मर्द नाही का?”

एवढं बोलून त्याने टेबलाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या, बाळाच्या आजोळकडच्या एका भरदार अनोळखी गृहस्थाकडे हात केला. का केला, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. मर्द या शब्दाला साजेशी तेवढीच एक छाती समोर दिसली असावी.

“अलावेर्दी तुमच्याकडे, बातोनो!” तो म्हणाला. बातोनो म्हणजे महाशय.

त्या गृहस्थांचा चेहरा भरून आला. “भावांनो,” ते म्हणाले, “मी कुताइसीचा नाही, बातुमीचा. पण मर्द आहे! ही स्पर्धा माझी! चहापाणी माझं, छपाई माझी, आणि पहिलं बक्षीस मी असं देईन की ती बाई रोज आरशात बघून माझी आठवण काढेल!”

ऐंशी गळ्यांतून आरोळी उठली. जुंबेरने शिंग एका दमात रिकामं केलं आणि एक थेंबही उरला नाही हे दाखवायला ते डोक्यावर उलटं धरलं. आता, कोर्टात केलेला करार मोडता येतो, देवळात दिलेलं वचनही माणसं मोडतात. पण ऐंशी माणसांदेखत शिंग उलटं करून घेतलेला शब्द मोडलेला माणूस कुताइसीत अजून जन्मलेला नाही. जुंबेर खाली बसला, म्हणजे विचारी जुंबेर जागेवर परत आला, आणि ते गृहस्थ समोर येऊन बसले तेव्हा त्याने कोंबडीच्या ताटावरून वाकून हळूच विचारलं, “आपला उद्योग काय म्हणालात?”

“नाकं,” ते गृहस्थ, म्हणजे डॉक्टर बाद्री, अक्रोडाचं वाटण बोटाने पुसत म्हणाले. “माझं क्लिनिक आहे. मोठी लहान करतो, वाकडी सरळ करतो. तुमच्या पहिल्या नंबराच्या बाईला एक नवीन नाक, अगदी फुकट.”

जुंबेरने आपलं शिंग पुन्हा भरून घेतलं.

घरी परतताना त्याला प्रकरणाची खोली हळूहळू कळत गेली. जिंकलेल्या बाईला स्टेजवर बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि सांगायचं की बाई, डोकं तुमचं उत्तम आहे, आता जरा नाकाचं बघू. हे कुठल्याही गावात अवघडच. कुताइसीत तर बायका लहानपणापासून चिडल्यावर आवाज न चढवता आठ चाली पुढचा विचार करतात. आणि जुंबेरच्या घरात तर नानुलीबाई होत्या.

नानुलीबाई म्हणजे लामाराची आई. वय चौऱ्याहत्तर, पश्चिम जॉर्जियाच्या दोन वेळच्या विजेत्या, आणि मंडळाच्या संस्थापक. त्यांचं नाक मोठं होतं यात वादच नव्हता. चेहऱ्याच्या मध्यभागी ते एखाद्या सभापतीसारखं बसलेलं होतं, आणि बाकीचे अवयव त्याच्या परवानगीने हालचाल करायचे. तीस वर्षांत जुंबेरने त्या नाकाविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. आता त्याच नाकाच्या छताखाली राहून त्याने नाकाच्या डॉक्टरशी सोयरीक केली होती.

“आईला कळता कामा नये,” तो लामाराला म्हणाला.

“कळणार कसं?” लामारा म्हणाली. “ऐंशीच तर माणसं होती.”

सोमवारी सकाळपर्यंत आख्ख्या आवाराला कळलेलं होतं. त्यांच्या इमारतीच्या मधल्या अंगणात द्राक्षवेलीखाली एक टेबल होतं आणि त्यावर बारा महिने फाशांचा खेळ चालायचा. तिथला अध्यक्ष नेपोलियन. बसखात्यातून निवृत्त झालेला हा शेजारी सल्ला मागितला नाही तर अपमान समजायचा, आणि मागितला तर दुपारपर्यंत सोडायचा नाही.

“सोपं आहे रे,” नेपोलियन फासे खुळखुळवत म्हणाला. “बक्षीस पहिल्या नंबराला देऊच नकोस. शेवटच्या नंबराला दे. हरलेलीचं सांत्वन होईल, जिंकलेलीचं नाक शाबूत राहील.”

“मग जिंकलेलीला काय देऊ?”

“सन्मान!” नेपोलियन म्हणाला. त्याने बसखात्यात एकतीस वर्षं सन्मानावरच काढली होती.

समोरच्या गॅलरीतून झाइराने चादर वाळत घालता घालता आवाज दिला, “जुंबेरभाऊ, आमच्या मुलीचं नाव घाला की! तिच्या नाकाचं फार मनावर घेतलंय तिने.”

“बुद्धिबळ येतं का तिला?”

“येत नाही, पण हुशार आहे. जिंकण्यापुरतं किती दिवसांत शिकता येईल?”

बुधवारपर्यंत फेसबुकवर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, हा आमच्या आयाबहिणींचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फुकट मिळतंय तर नाक कशाला मुरडता. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी 'भांडवल आणि जॉर्जियन नाक' या विषयावर असा लेख लिहिला की तो वाचून दोन्ही बाजू गोंधळल्या. एकूण चारशे दहा लोकांनी मतं मांडली. त्यात बुद्धिबळ खेळणारी बाई एकही नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. जुंबेरच्याही नाही.

त्याने ठरवलं, शब्द आपल्याला मोडता येत नाही, पण नगरपालिकेला मोडता येईल. प्रायोजक अयोग्य आहे असा शेरा कचेरीतूनच आला तर डॉक्टरांपुढे हात वर करता येतील. म्हणून तो स्वच्छ शर्ट घालून खोली क्रमांक चौदामध्ये एतेरीबाईंसमोर जाऊन उभा राहिला. एतेरीबाई क्रीडाखात्याच्या कारकून. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के आणि एक कॅक्टस होता, आणि चौघांतला सर्वांत मऊ कोण हे सांगणं कठीण होतं.

“प्रायोजक बदलायचाय?” त्यांनी फाइल उघडली. “त्यांचं पत्र आलंय की सोमवारी नऊ वाजता. मागण्याआधी पत्र आलेला हा पहिला प्रायोजक. मी नोंदवून टाकलं.”

“पण बाई, बक्षीस काय आहे ते वाचलंत ना?”

“बक्षीस काय आहे ते बघणं माझ्या खात्यात येत नाही. बक्षीस आहे की नाही ते येतं. आता बदलायचं तर फाइल नवी, मुदत साठ दिवस. आणि स्पर्धेची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची तीस.”

“आणि समजा,” जुंबेरने घसा साफ केला, “समजा जिंकलेल्या बाईने बक्षीस घेतलंच नाही?”

एतेरीबाईंनी चष्मा काढला. “मग 'मिळालं' या रकान्यात तिची सही येणार नाही. सही नाही तर बक्षीस दिलं नाही. बक्षीस दिलं नाही तर स्पर्धा झाली नाही. स्पर्धा झाली नाही तर मंडळ बंद. बिलियर्डवाले काल खिडक्यांची मापं घेऊन गेले, बातोनो जुंबेर. चांगला माणूस आहे, जिलबीसारखी काहीतरी मिठाई आणली होती त्याने.”

जुंबेर बाहेर येऊन पायरीवर बसला. म्हणजे आता नुसती स्पर्धा होऊन भागणार नव्हतं. कुठल्या तरी स्वाभिमानी बाईने, गावासमोर, स्वतःच्या सहीने, नाक कापून घ्यायला कबूल व्हायचं, तरच ती खोली राहणार होती. ती खोली म्हणजे काय तर दुसऱ्या मजल्यावरची चौदा टेबलं, एक गॅसची शेगडी आणि भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो. पण गेली एकोणीस वर्षं रोज चार वाजता तिचं कुलूप जुंबेर काढत होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर, दिवसात त्याची वाट बघणारं तेवढं एक कुलूपच उरलं होतं. ती खोली गेली असती तर चार वाजता काय करायचं, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

गुरुवारी फ्लेक्स आला. चार मीटर लांब, अडीच मीटर उंच. त्यावर एक तरुणी बाजूने दाखवलेली, समोर पट मांडलेला, आणि तिचं नाक असं सरळ की त्यावर पट्टी ठेवून नकाशे काढावेत. खाली मोठ्या अक्षरांत, 'पुढची चाल तुमच्या नाकाची!' सोबत डॉक्टरांची अट, की हा फ्लेक्स सभागृहात पूर्ण स्वरूपात लावला जाईल.

नानुलीबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून जुंबेरने तो कपाटामागे दडवला, आणि त्या झोपल्या की रोज काढून बघायला सुरुवात केली. नाक झाकायचं कसं हा प्रश्न होता. त्याने भिंतीवरचं घड्याळ लावून पाहिलं, तर ती तरुणी साडेनऊ वाजलेली दिसायला लागली. राष्ट्रध्वज लावून पाहिला, तर देशाचाच अपमान होत होता. नेपोलियनने नाकाखाली मिशी रंगवायचा सल्ला दिला. शेवटी मोठी कुंडी समोर ठेवायचं ठरलं. आठवडाभर त्या फ्लेक्सकडे जुंबेरने इतकं बघितलं, की लामाराने एकदा दिवा लावून विचारलं, “ओळख झाली का तुमची?”

त्यातच मंडळातली एक बाई म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या नोकरीवर इटलीला निघून गेली. दहाच्या नऊ झाल्या. जुंबेर जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसला असताना नानुलीबाई राजम्याच्या आमटीत पाव बुडवत म्हणाल्या, “दहावी मी.”

जुंबेरने डोकं वर केलं. “आई, तुम्ही? दुसरा मजला आहे. थंडी आहे. अकरा वर्षं तुम्ही स्पर्धेत खेळला नाहीत. विसरला असाल.”

“विसरायला तो काय भूगोल आहे?” नानुलीबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

स्पर्धेच्या दिवशी जुंबेर पहाटेच खोलीवर गेला. फ्लेक्स लावला, नाकासमोर रबराच्या झाडाची कुंडी बसवली, चौदापैकी पाच टेबलांवर पट मांडले, चहा ठेवला. नऊ वाजता बायका आल्या. पुढे मकवाला, मुलींच्या शाळेतली व्यायामशिक्षिका. तिने झाडाकडे बघितलं, मग जुंबेरकडे बघितलं, आणि कुंडी एका हाताने उचलून बाजूला ठेवली.

दहाजणी फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या.

“शी!” एक म्हणाली.

“लाज कशी वाटत नाही!” दुसरी म्हणाली.

“चारचौघांत लावायची वस्तू आहे का ही?” तिसरी म्हणाली.

जुंबेरने टोपी काढली. हा क्षण त्याने आठवडाभर मनात घोळवला होता. “तुमचं अगदी बरोबर आहे,” तो म्हणाला. “एक पुरुष म्हणून मी शरमेने मान खाली घालतो. बाईच्या चेहऱ्याकडे अशा नजरेने बघणं...”

“कसला चेहरा?” मकवाला म्हणाली. “उजव्या कोपऱ्यात काळं घर आहे!”

जुंबेरला कळेना. मकवालाने फ्लेक्सवर हात आपटला. “पट उलटा मांडलाय! खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला पांढरं घर पाहिजे, हे आमच्या पहिलीतल्या पोरींना कळतं. हे चार मीटर लावून खाली आम्ही खेळायचं? फोटो बाहेर गेला तर तिबिलिसीच्या बायका हसून हसून मरतील!”

“आणि... बक्षीस?” जुंबेरने चाचरत विचारलं.

“बक्षिसाचं आम्हाला त्या रविवारीच कळलंय. ते जिंकणारी बघेल. हे आधी उतरवा.”

नानुलीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून जावयाकडे बघत होत्या. “आठवडाभर रोज रात्री कपाटामागून काढून बघत होतास ना हे?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“ते कपाट सरकवलं की सगळ्या गल्लीला ऐकू येतं. मग काय बघत होतास इतकं?”

“नाक,” जुंबेर म्हणाला.

“एकोणीस वर्षं तू आमचे पट मांडतोयस, जुंबेर. आणि एवढा मोठा पट चुकलेला तुला दिसला नाही. तुम्ही सगळे असेच. बाई पटावर बसली की तुम्ही बाईकडे बघता.”

त्यात राग नव्हता. त्यामुळेच ते त्याला फार लागलं. त्याला खरंच आठवेना की या दहाजणींपैकी कोण कशी खेळते. कोणाला चहात साखर किती लागते ते मात्र सगळं पाठ होतं.

पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. डॉक्टर छायाचित्रकाराला घेऊन वाटेत होते, फ्लेक्स उतरवला तर अट मोडत होती, ठेवला तर बायका खेळत नव्हत्या. मकवालाने अटीचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

“पूर्ण स्वरूपात लावायचा म्हटलंय,” ती म्हणाली. “वरची बाजू कुठली ते कुठे म्हटलंय?”

चौघींनी मिळून फ्लेक्स उतरवला आणि आडवा होता तो उभा करून पुन्हा लावला. पट एक चतुर्थांश फिरला, आणि पांढरं घर बरोबर उजव्या कोपऱ्यात आलं. ती तरुणी भिंतीवर उताणी पडली, तिचं नाक छताकडे लागलं, आणि डॉक्टरांचा फोन नंबर असलेला हातभर भाग जमिनीवर लोळू लागला. दहाजणींनी लांब जाऊन पाहिलं आणि माना डोलावल्या. आता ठीक होतं.

डॉक्टर बाद्री आले ते दारातच मान वाकडी करून उभे राहिले. मान सरळ केली, पुन्हा वाकडी केली. “हे काय?”

“बुद्धिबळाचा नियम आहे,” मकवालाने सांगितलं. “जागतिक.”

जागतिक म्हटल्यावर डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. छायाचित्रकाराने मात्र धंद्याला जागून कॅमेरा आडवा धरला. त्यामुळे नंतर छापून आलेल्या फोटोत ती तरुणी अगदी व्यवस्थित बसलेली आहे आणि कुताइसीच्या दहा बायका टेबलाखुर्च्यांसकट भिंतीला चिकटलेल्या आहेत.

दोन दिवस डाव चालले. पहिल्या दिवशी दुपारी नानुलीबाई चारपैकी चार जिंकल्या. सासूबाई हराव्यात असं जावयाच्या मनात येणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण त्यासाठी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावणारा जावई विरळा. जुंबेरने दोन लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या आणखी चार डाव जिंकल्या. शेवटचा डाव मकवालाशी होता आणि तो साडेतीन तास चालला. जुंबेर पहिल्यांदाच टेबलाजवळ उभा राहून पटाकडे बघत होता. त्याला निम्मं कळलं नाही. पण नानुलीबाईंनी एक हत्ती असा सोडून दिला की मकवालाने तो खाण्याऐवजी दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि म्हणाली, “बाई, तुम्ही अकरा वर्षं कुठे होतात?” तेव्हा काहीतरी फार सुंदर घडलंय एवढं त्यालाही समजलं, आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. पुढच्याच क्षणी आठवलं की ह्याचा अर्थ नाक.

बक्षीस समारंभाला सगळं आवार लोटलं होतं. एतेरीबाई शिक्का आणि फॉर्म घेऊन बसल्या होत्या. बिलियर्डवाला मागच्या भिंतीशी उभा राहून छताचं माप डोळ्यांनी घेत होता. डॉक्टरांच्या हातात लाल फीत बांधलेलं प्रमाणपत्र होतं. आणि कोणीतरी, बहुतेक नेपोलियननेच, जुंबेरच्या हातात पेला दिला.

जुंबेर उभा राहिला.

“थांबा!” तो म्हणाला. “ह्या फॉर्मवर सही होणार नाही! खोली जाऊ दे! चौदा टेबलं जाऊ देत! उद्या चार वाजता मला कुठे जायचं ते माहीत नाही, आणि तरी मी म्हणतो, जाऊ दे! पण ज्या नाकापुढे पश्चिम जॉर्जियाने दोनदा मान तुकवली, त्या नाकाला मी जिवंत असेपर्यंत सुरी लागणार नाही! हे नुसतं नाक नाही, भावांनो! हा आमच्या घराण्याचा मान आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नेपोलियन रडला. प्राध्यापकांनी टिपण घेतलं. बिलियर्डवाल्याने मापाची टेप खिशातून बाहेर काढली.

“झालं?” नानुलीबाई म्हणाल्या. “बस आता.”

त्या काठी टेकत एतेरीबाईंच्या टेबलाशी गेल्या, 'मिळालं' या रकान्यात सही केली आणि पेन परत दिलं. शिक्का धप्पकन बसला.

“आई!” जुंबेर पेला धरून तसाच उभा होता.

“सुखुमीच्या स्पर्धेत, एकोणऐंशी साली,” नानुलीबाई म्हणाल्या, “भिंतीवरचा दाखवायचा मोठा पट खिळ्यासकट माझ्या तोंडावर पडला. डाव मी जिंकले. पण नाकाचं हाड आतून बसलं. तेव्हापासून मी तोंडाने श्वास घेते. इस्पितळात नाव घातलं, तर माझा नंबर यायच्या आत देशच मोडला. मग वीज नव्हती. मग पैसा नव्हता. मग मी म्हातारी झाले, आणि म्हातारीच्या नाकाचं कोण विचारतो? म्हणून उतरले खेळायला. तुला काय वाटलं, तुझ्या खोलीसाठी?”

“तुम्ही मला सांगायचं होतंत एकदा,” जुंबेर पुटपुटला.

“तू विचारायचं होतंस. नेपोलियनला विचारलंस, झाइराला विचारलंस, नगरपालिकेला जाऊन विचारलंस. नाक माझं होतं रे.”

जुंबेरला काही बोलता आलं नाही. उभं असताना बोलता न येण्याची त्याची ही पहिलीच वेळ. कान तापले, आणि मग फार बरंही वाटलं, कारण मागच्या भिंतीशी बिलियर्डवाला टेप गुंडाळत होता.

डॉक्टरांनी उत्साहाने नाकांच्या नमुन्यांचं पुस्तक उघडलं. “बाई, हे बघा. ग्रीक धाटणीचं आहे, जरासं वर उचललेलं आहे...”

“आतून साफ करायचं,” नानुलीबाईंनी पुस्तक मिटलं. “बाहेरून रेघभरही बदललं, तर तुझ्या फ्लेक्सवरचा पट उलटा होता हे मी सगळ्या जॉर्जियाला सांगेन.”

बातुमीच्या त्या क्लिनिकच्या दर्शनी भिंतीवर आता दोन मोठे फोटो शेजारी शेजारी आहेत, 'आधी' आणि 'नंतर'. गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहतात, एकमेकांना फरक विचारतात, आणि काहीजण न बोलता निघून जातात. डॉक्टर चिडत नाहीत. शब्द दिलेला माणूस आहे.

डिसेंबरच्या मध्याला नानुलीबाई ऑपरेशननंतर पहिल्यांदा खोलीवर आल्या. चार वाजले होते, जुंबेरने कुलूप काढलेलं होतं, पट मांडले होते, चहा उकळत होता. पाच वर्षांसाठी खोली मंडळाच्या नावावर झाल्याचा कागद त्याने चौकटीत घालून भिंतीवर लावला होता, आणि सासूबाई तो बघून काय म्हणतात याकडे त्याचे प्राण लागले होते. नानुलीबाई उंबऱ्यावर थांबल्या. चेहऱ्यावरच्या त्या सभापतींनी, म्हणजे नाकाने, डावीकडून उजवीकडे एकदा पाहणी केली.

“जुंबेर,” त्या म्हणाल्या, “ही खोली घाण वास मारते.”

“वास?”

“ओली भिंत. उंदीर. लोकरीचे कोट. आणि काहीतरी मेलंय त्या फळीमागे, नव्वद सालापासून असेल. आम्ही ह्याच्यात बसत होतो? एवढी वर्षं?”

“आम्ही सांगत होतो, बाई,” मकवाला पटावरून मान न उचलता म्हणाली. “चिटणीस म्हणायचे, इतिहासाचा वास आहे.”

जुंबेरने घाईघाईने खिडकी गाठली. ती रंगाच्या थरांनी चिकटून बसली होती. त्याने ढकलली, खांदा लावला, एका पायाने भिंतीला रेटा दिला. शेवटी मकवाला उठली, तिने त्याला हलकेच बाजूला केलं आणि एका धक्क्यात दोन्ही झडपा उघडल्या. नदीवरची बोचरी हवा कागद उडवत आत आली. सगळ्याजणींनी कोट अंगाभोवती ओढून घेतले.

नानुलीबाई खुर्चीत बसल्या, त्यांनी ओठ मिटले आणि नाकाने एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. तीस वर्षांत जुंबेरने त्यांचं तोंड मिटलेलं पाहिलं नव्हतं. ओठ मिटल्यावर त्या हसतात हे त्याला आज कळलं. थंडी मी म्हणत होती, पण खिडकी लावायला कोणी उठलं नाही.